तेराव्या वर्षाचं बिल: बीडीडी चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या चार कुटुंबांना घर किती काळ झेपेल?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या या चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या. खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. त्या बदल्यात ५०० चौरस फूट चटईक्षेत्राचं, मालकी हक्काचं घर, तेही चाळीस मजली इमारतीत. म्हाडाच्या या प्रकल्पात वरळीच्या १२१, नायगावच्या ४२ आणि ना. म. जोशी मार्गाच्या ३२ चाळी येतात. तिन्ही ठिकाणची पुनर्वसनाची घरं मिळून १५,५९३ होतात.

घर परवडतं का, हे तपासायची नेहमीची रीत म्हणजे घराची किंमत भागिले वार्षिक उत्पन्न, नाहीतर महिन्याचा हप्ता भागिले महिन्याचं उत्पन्न. इथे चाळीच्या मूळ रहिवाशांना किंमत शून्य आणि हप्ताही शून्य, त्यामुळे दोन्ही उत्तरं शून्यच येतात. कागदावर यापेक्षा परवडणारं घर मुंबईत सापडायचं नाही. म्हणूनच हे प्रकरण निवडलं आहे. खरेदीचा खर्च बाजूला काढला की घर चालवण्याचा खर्च उघडा पडतो, आणि तो सर्वांना सारखा असतो. उत्पन्न मात्र सर्वांचं सारखं नसतं.

खाली जी चार कुटुंबं येतात ती या चाळींत ज्या प्रकारची माणसं राहत आली त्यावरून कल्पून घेतलेली आहेत. त्यांचे पगार, घरखर्च आणि इमारतीच्या खर्चाचे दर मांडणीसाठी धरलेले आहेत. स्वतःच्या इमारतीचा हिशेब करणाऱ्याने तिथे आपले आकडे घालावेत. नियम, मुदती आणि प्रकल्पाचे तपशील मात्र प्रत्यक्षातले आहेत.

आधी बिल मांडू

कुटुंबाकडे बघण्याआधी इमारतीकडे बघायला हवं. पहिल्या टप्प्यातली ५५६ घरं दोन विंगमध्ये आहेत, म्हणजे विंगमागे सरासरी २७८. एका विंगची एक सोसायटी धरली, तर तिचा महिन्याचा चालू खर्च आजच्या भावाने साधारण असा बसतो.

सिक्युरिटी: तीन जागा, तीन पाळ्या आणि सुट्टीसाठी बदली धरून ११ माणसं, प्रत्येकी २२,००० म्हणजे २,४२,०००. झाडलोट आणि कचरा: १० माणसं, प्रत्येकी १८,००० म्हणजे १,८०,०००. सहा लिफ्टचं सर्वसमावेशक एएमसी (देखभालीचं वार्षिक कंत्राट), लिफ्टमागे वर्षाला अडीच लाख धरून महिन्याला १,२५,०००. सामाईक वीज (लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे) १४,००० युनिट, १२ रुपये दराने १,६८,०००. अग्निशमन यंत्रणा आणि जनरेटर ४०,०००. सांडपाणी प्रक्रिया, पंपदुरुस्ती, टाक्यांची सफाई ५५,०००. पाणीपट्टी आणि मलनिस्सारण ६०,०००. मॅनेजर, हिशेब, ऑडिट, विमा ५०,०००.

एकूण ९,२०,०००. भागिले २७८, म्हणजे घरामागे ३,३१० रुपये.

यात चैनीचं काही नाही. जिम नाही, क्लब हाऊस नाही. अग्निशमनाचे चाळीस हजार बघून सभेत कोणीतरी हमखास विचारतो की आग लागलीच नाही तर हे कशाला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. चार मजली चाळीत हा खर्च जवळजवळ नव्हताच. चाळीस मजल्यांवर तो टाळता येत नाही.

यावर दोन फंड. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार रिपेअर फंड बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बदलांसाठी साठवायची रक्कम) किमान ०.२५ टक्के, दोन्ही दरवर्षी. जमिनीची किंमत यात धरायची नाही. घर ५०० चौरस फुटांचं असलं तरी जिना, लॉबी, लिफ्टची विहीर, आश्रयमजला (आगीच्या वेळी थांबायची जागा) यांचा वाटा धरून घरामागे बांधकाम ८५० चौरस फूट घेऊ. दर ४,००० रुपये धरला तर बांधकाम खर्च ३४ लाख. त्याचा ०.७५ टक्के म्हणजे वर्षाला २५,५००, महिन्याला २,१२५. सिंकिंग फंड वर्षाला ८,५००, महिन्याला ७०८. दोन्ही मिळून २,८३३.

म्हणजे आजच्या भावाने घरामागे पूर्ण बिल ६,१४३ रुपये. चालू खर्चाइतकेच जवळपास पैसे या दोन फंडांत जातात. सभेत पहिली कात्री नेमकी त्यांनाच लागते, कारण फंड नाही भरला म्हणून उद्या लिफ्ट बंद पडत नाही.

बारा वर्षांची सावली

बीडीडीच्या पुनर्वसन इमारतींची देखभाल पहिली १२ वर्षं म्हाडा करणार आहे. ही मोठी सवलत आहे, आणि मोजणीतली सर्वांत मोठी फसगतही इथेच होते. पहिल्या वर्षाचा खर्च बघून ‘परवडतं’ असा शेरा मारला की तेरावं वर्ष नजरेआड जातं.

शिवाय ‘देखभाल’ या शब्दाखाली काय काय येतं हे करारपत्रात ओळीनं वाचावं लागतं. इमारतीची गळती, प्लंबिंग, लिफ्टची दुरुस्ती ही एक गोष्ट. सामाईक विजेचं बिल, वॉचमनचा पगार, पाणीपट्टी ही दुसरी. हिशेबासाठी दोन टोकं धरू. पहिल्या टोकाला सगळंच म्हाडाकडे आणि रहिवाशाचं बिल शून्य. दुसऱ्या टोकाला फक्त इमारत आणि लिफ्ट म्हाडाकडे, म्हणजे ३,३१० मधून लिफ्टचे ४५० वजा जाता २,८६० रुपये रहिवाशाकडे. खरं बिल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असेल. कोणत्या टोकाजवळ, हे पहिल्याच महिन्यात लेखी विचारून घ्यावं.

आता तेरावं वर्ष. चालू खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतो असं धरलं तर १२ वर्षांत तो दुप्पट होतो (१.०६ चा १२वा घात म्हणजे २.०१). ३,३१० चे ६,६६० होतात. फंडांचे २,८३३ मात्र तेवढेच राहतात, कारण ते मूळ बांधकाम खर्चावर बसवलेले आहेत. बेरीज ९,४९३.

इथे आणखी एक गोष्ट आडवी येते. सभासदाची मासिक वर्गणी ७,५०० च्या वर गेली आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असली की १८ टक्के जीएसटी लागतो. ७,५०० ची ही मर्यादा जानेवारी २०१८ पासून आहे तिथेच आहे. २७८ घरांची सोसायटी उलाढालीची अट सहज ओलांडते. मर्यादा हललीच नाही असं धरलं तर तेराव्या वर्षाचं बिल ९,४९३ अधिक १,७०९, म्हणजे ११,२०२ रुपये. महागाई (तीही ६ टक्के धरून) वजा करून आजच्या पैशात ५,५६७.

यापुढचे सगळे आकडे आजच्या पैशात आहेत. २०३७ चे रुपये आणि आजचा पगार एका कागदावर मांडले की हिशेब भीतीदायक दिसतो, पण खरा नसतो. उलट चूकही तेवढीच होते: बिल आजच्या भावात आणि पगार बारा वाढींसकट.

मालमत्ता कर यात धरलेला नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून तो पूर्ण माफ आहे आणि बीडीडीचं घर नेमकं त्या रेषेवर, ४६.४५ चौरस मीटरवर, बसतं. दोन भावांची दोन घरं शेजारी आली म्हणून मधली भिंत पाडून एकच नोंद करून घेणाऱ्यांनी ही माफी जाते हे आधी लक्षात घ्यावं.

चार कुटुंबं, दोन मोजपट्ट्या

अ: गिरणीतून निवृत्त झालेले आजोबा आणि आजी. ईपीएस-९५ ची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन १,६०० (या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० आहे), आजी डबे करून देतात त्याचे ७,०००, वेगळं राहणारा मुलगा ७,००० देतो. एकूण १५,६००.

ब: नवरा सिक्युरिटी गार्ड, बायको दोन घरी स्वयंपाक करते, दोन मुलं शाळेत. ३२,०००.

क: पोलीस हवालदार, वय ४८, चार माणसं, हातात ६२,०००. बीडीडीत सेवानिवासस्थानात राहणाऱ्या पोलिसांना हेच घर मोफत नाही. आधी ५० लाख, मग २५ लाख आणि अखेर १५ लाख रुपये असा दर ठरला. दीड लाख स्वतःचे आणि साडेतेरा लाख कर्ज, ८.५ टक्के, १५ वर्षं, हप्ता १३,२९४.

ड: दोघेही खासगी नोकरीत, दोन मुलं, १,४०,०००.

पहिली मोजपट्टी ३० टक्क्यांची. घरावरचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असेल तर घर परवडतं. दुसरी शिल्लक उत्पन्नाची: आधी कुटुंबाचा किमान खर्च (किराणा, औषधं, शाळा, प्रवास, मोबाइल, कपडे) बाजूला काढायचा, उरलेल्यात घर बसतं का ते बघायचं. किमान खर्च माणसांप्रमाणे धरला आहे, पगाराप्रमाणे नाही: चार माणसांना २३,०००, दोघांना ११,०००.

घराच्या खर्चात सोसायटीचं बिल, हप्ता असल्यास हप्ता, घरातली वीज आणि आतल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ८०० रुपये आले. वीज अ ला ७००, ब ला १,३००, क ला २,०००, ड ला ३,५००. १६० फुटांच्या खोलीतलं जुनं वीजबिल पुढे ओढू नका. दोन बेडरूममध्ये पंखे वाढतात, गीझर येतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात एसीही येतो.

| | अ | ब | क | ड |
|---|---|---|---|---|
| पहिलं वर्ष: उत्पन्न | १५,६०० | ३२,००० | ६२,००० | १,४०,००० |
| घराचा खर्च (बिल शून्य धरून) | १,५०० | २,१०० | १६,०९४ | ४,३०० |
| टक्के | १० | ७ | २६ | ३ |
| किमान खर्चानंतर शिल्लक | ३,१०० | ६,९०० | २२,९०६ | १,१२,७०० |
| तेरावं वर्ष: उत्पन्न | ११,३०० | ३२,००० | २८,००० | १,७७,५०० |
| घराचा खर्च | ७,०६७ | ७,६६७ | १४,९७४ | ९,८६७ |
| टक्के | ६३ | २४ | ५३ | ६ |
| किमान खर्चानंतर शिल्लक | उणे ६,८०० | १,३०० | २,००० | १,४४,६०० |

तेराव्या वर्षाचं उत्पन्न कसं आलं ते सांगायला हवं, कारण दीर्घकालीन मोजणी इथेच बिघडते. ईपीएसची पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. १,६०० रुपयांची किंमत १२ वर्षांत आजच्या ७९५ इतकी उरते. आजींचे डबे निम्मे झाले असं धरलं, मुलाचा हातभार महागाईइतका वाढता धरला. ब चा पगार फक्त महागाईइतका वाढतो. क वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, त्यामुळे तेराव्या वर्षी तो साठीचा पेन्शनर आहे; पेन्शन आजच्या पैशात २८,००० धरली आहे, आणि त्याचा न वाढणारा हप्ता आजच्या पैशात ६,६०७ उरतो. मुलं वेगळी झाली म्हणून त्याचा किमान खर्च दोघांचा, ११,०००, धरला. ड चा पगार महागाईपेक्षा वर्षाला २ टक्के जास्त वाढतो. ‘सगळ्यांचं उत्पन्न वर्षाला ८ टक्के वाढेल’ असा एकच आकडा ओढून खाली नेला की अ आणि क दोघांचं चित्र साफ खोटं येतं, तेही एकाच दिशेनं.

ब आणि क एकत्र वाचा

तक्त्यात सर्वांत बोलकी जोडी ब आणि क ची आहे. ३० टक्क्यांच्या पट्टीवर ब पास होतो (२४) आणि क दणकून नापास होतो (५३). शिल्लक बघितली तर दोघं एकाच काठावर उभे आहेत, आणि त्यातल्या त्यात क ची स्थिती बरी.

कारण सरळ आहे. ३२,००० चे ३० टक्के म्हणजे ९,६००. तेवढे घरावर गेले तर हातात २२,४०० उरतात आणि चार माणसांचा किमान खर्च २३,००० आहे. म्हणजे पट्टी जिथे ‘ठीक’ म्हणते तिथे हे कुटुंब आधीच उसनवारीवर गेलेलं असतं. उलट ड साठी ३० टक्के म्हणजे ४२,०००. त्याने दुप्पट खर्च केला तरी पोरांच्या दुधात पाणी घालावं लागणार नाही. टक्केवारीची पट्टी खालच्या उत्पन्नाला सढळ आणि वरच्या उत्पन्नाला कडक लागते, नेमकी उलटी. खालच्या दोन स्तरांसाठी ती वापरूच नये असं आमचं मत आहे. वरच्या स्तरांना ती निदान कर्ज किती घ्यावं याचा अंदाज म्हणून चालते.

ब च्या १,३०० रुपयांकडेही जरा बघा. गार्डची नोकरी कंत्राटी. एजन्सी बदलली आणि एक महिना घरी बसावं लागलं तर त्याच्या पगाराइतका खड्डा पडतो. या शिलकीतून तो भरायला वर्षाहून अधिक काळ लागतो. गंमत अशी की सोसायटीच्या चालू खर्चातले ४६ टक्के सिक्युरिटी आणि झाडलोटीच्या पगाराचे आहेत. किमान वेतन वाढलं की ब चा पगार वाढतो आणि पाठोपाठ त्याचं बिलही. पगारवाढीनं सगळाच चालू खर्च ६ ऐवजी ८ टक्क्यांनी वाढत गेला तर तेराव्या वर्षाचं बिल ११,२०२ नव्हे, त्या वेळच्या रुपयांत १३,१७८ होतं.

क ची जोखीम वेगळी, व्याजदराची. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला होता. तशी अडीच टक्क्यांची वाढ कर्जाच्या सुरुवातीलाच आली आणि दर ११ झाला, तर हप्ता १३,२९४ चा १५,३४४ होतो. हे दोन हजार क ला नोकरीत असताना झेपतात. बँकेनं हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली तर मात्र १५ वर्षांचं कर्ज २४ वर्षांच्या पुढे जातं, म्हणजे वय ७२. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे निवडायचा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. निवृत्तीला दहा वर्षं उरलेल्या माणसाने हप्ता वाढवणंच निवडावं. निवृत्तीच्या वेळी हातात येणाऱ्या ग्रॅच्युइटीतून उरलेलं कर्ज फेडलं तर क चं तेराव्या वर्षाचं ५३ टक्क्यांचं ओझं ३० वर येतं. तीच ग्रॅच्युइटी मुलीच्या लग्नात गेली तर येत नाही.

अ बद्दल तेराव्या वर्षाची वाट बघायचीही गरज नाही. देखभालीचं दुसरं टोक खरं ठरलं आणि पहिल्याच महिन्यापासून २,८६० रुपये भरावे लागले, तर त्यांची शिल्लक ३,१०० वरून २४० वर येते. मोफत घर मिळालेलं कुटुंब, महिनाअखेर २४० रुपये.

सर्वांत वाईट वर्ष: लिफ्ट

सरासरी बघून घर परवडत नाही, सर्वांत वाईट वर्ष निघून गेलं तर परवडतं. टॉवरमध्ये ते वर्ष बहुधा लिफ्ट बदलायचं असतं, साधारण २० ते २५ वर्षांनी. आपण चोविसावं धरू.

चाळीस मजल्यांच्या सहा लिफ्ट, प्रत्येकी आजच्या भावानं ६० लाख धरल्या तर ३ कोटी ६० लाख. ६ टक्क्यांनी २४ वर्षांत ते १४ कोटी ५८ लाख होतात. सिंकिंग फंडात विंगमधून वर्षाला २७८ गुणिले ८,५००, म्हणजे २३ लाख ६३ हजार जमतात.

म्हाडा देखभाल करतेय म्हणून सोसायटीनं पहिली १२ वर्षं हा फंड घेतलाच नाही असं समजा. मग तेराव्यापासून चोविसाव्या वर्षापर्यंत, ६ टक्के व्याज धरून, ३ कोटी ९९ लाख जमतील. तूट १० कोटी ५९ लाख, घरामागे ३ लाख ८१ हजार. आजच्या पैशात सुमारे ९४ हजार, एकरकमी.

फंड पहिल्या महिन्यापासून घेतला तर २४ वर्षांत १२ कोटी १ लाख जमतात. तूट २ कोटी ५७ लाख, घरामागे ९२ हजार, आजच्या पैशात २३ हजारांच्या आत. फरक पडतो तो केवळ ‘फुकट’ काळात महिन्याला ७०८ रुपये भरले म्हणून. तरीही तूट राहतेच. त्याचं कारण वर आलं आहे: फंडाची टक्केवारी मूळ बांधकाम खर्चावर असल्यानं तो महागाईबरोबर वाढत नाही. उपविधीत ०.२५ टक्के हा किमान दर आहे. सर्वसाधारण सभा तो वाढवू शकते. दर पाच वर्षांनी वाढवणाऱ्या सोसायट्या विरळाच.

इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी, ३० नंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं आणि त्यातून निघणारं काम रिपेअर फंडातून जातं. रंगकामाला चाळीस मजली झुला लागतो. त्यामुळे लिफ्टसाठी रिपेअर फंडाकडे बघू नये, तो तोवर रिकामा असतो.

मोजताना कुठे चुकतं

उत्पन्न विचारताना ‘कुटुंबाचं उत्पन्न किती’ एवढंच विचारलं तर रेशन कार्डावरच्या सगळ्यांची बेरीज येते. चाळीत एका खोलीच्या नोंदीवर दोन भावांचे संसार असणं नवं नाही. एक भाऊ नालासोपाऱ्याला राहतो, नाव इथे आहे; घर मोठं झाल्यावर तो परत येतो किंवा हक्क मागतो. म्हणून प्रश्न असा हवा: सोसायटीचं बिल कोणाच्या खात्यातून जाणार? त्याचंच उत्पन्न धरायचं, बाकीच्यांचं ते खरोखर जेवढं देतात तेवढंच.

सरकारी योजनांचं मासिक अनुदान पहिल्या वर्षाच्या रकान्यात जरूर धरा. तेराव्या वर्षाच्या रकान्यात धरू नका. तेच मालमत्ता कराच्या माफीचं: एक हिशेब माफी धरून आणि एक न धरता करून बघावा.

प्रवासखर्चही विसरू नये. जागेवरच पुनर्वसन झाल्यानं वरळीतली कामं वरळीतच राहिली. ब ची बायको चालत कामावर जाते. बिल झेपेना म्हणून घर भाड्यानं देऊन बदलापूरला गेलं तर भाडं हातात येतं, पण तिची दोन घरं सुटतात आणि नवऱ्याचे रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये जातात. पुनर्वसनाच्या काळात संक्रमण भाडं म्हणून महिना २५,००० दिले जात होते, त्यावरून भाड्याचा मोह किती असेल याची कल्पना येते. अ साठी हा पर्याय पैशाच्या हिशेबात बिनचूक आहे: भाडं येतं आणि सोसायटीला जास्तीचं द्यावं लागतं ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत ना-वापर शुल्क. फक्त मग घर मालमत्ता म्हणून परवडलं, राहायला परवडलं नाही, असं नोंदवावं लागेल. पुनर्वसनाच्या यशाचे आकडे मांडताना या दोन रकान्यांची सरमिसळ सर्रास होते.

सोसायटीच्या हातात काय आहे

सेवाशुल्क सर्व घरांना सारखं वाटायचं असा उपविधीचा नियम आहे. उत्पन्नाप्रमाणे कमी-जास्त घेता येत नाही. मग घडतं असं की कोणत्या सोयी घ्यायच्या हे सभेत ड ठरवतो आणि अ च्या औषधांचे पैसे त्यात जातात.

समजा विंगमधली २८ घरं अ सारखी निघाली. त्यांची महिन्याची तूट २८ गुणिले ६,८००, म्हणजे १,९०,४००. उरलेल्या २५० घरांवर पसरली तर घरामागे ७६२ रुपये. ड ला ते कळणारही नाहीत, ब च्या १,३०० मधून मात्र निम्म्याहून जास्त जातात. आणि ती पसरवली नाही तर थकबाकी म्हणून पसरतेच: २८ घरांनी बिल थकवलं तर तेराव्या वर्षी महिन्याला तीन लाखांवर वसुली अडकते. थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं, सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला मिळतो. पण जिथे उत्पन्नच ११,३०० आहे तिथे दाखल्यातून काय निघणार?

समान वाटपाच्या चौकटीत राहूनही दोन वाटा उरतात. पार्किंगचं शुल्क गाड्यांच्या संख्येप्रमाणे असतं आणि त्याचा दर सर्वसाधारण सभा ठरवते. विंगमध्ये १२० गाड्या असतील आणि शुल्क ५०० ऐवजी १,५०० ठेवलं तर महिन्याला १,२०,००० जास्तीचे येतात, म्हणजे प्रत्येक घराच्या सेवाशुल्कातून ४३२ रुपये कमी करता येतात. अ आणि ब कडे गाडी नसते. दुसरी वाट म्हणजे सामाईक विजेचे १,६८,०००. गच्चीवर सौर पॅनेल, जिन्यात सेन्सरचे दिवे आणि पंपांच्या वेळा एवढं जरी म्हाडाच्या बारा वर्षांत, दुरुस्तीची जबाबदारी दुसऱ्याकडे असताना बसवून घेतलं, तर बिलाचा हा हिस्सा हस्तांतराआधीच उतरतो.

हे ठराव पहिल्या वार्षिक सभेत व्हायला हवेत, कारण तेव्हा कोणाचंच बिल मोठं नसतं आणि गाड्याही कमी असतात. त्याच सभेत सिंकिंग फंडाचे ७०८ रुपये सुरू करावेत. मग तेराव्या वर्षाचा तक्ता दर तीन वर्षांनी नव्या आकड्यांनी भरून नोटीस बोर्डावर लावावा, आणि त्यात अ चा रकाना पहिला ठेवावा.